जुना अभ्यासक्रम की नवा?

२०१८ च्या जूनमध्ये आमच्याकडे एक तक्रार आली. सातारा जिल्ह्यातल्या एका वडिलांनी ती लिहिली होती. मुलगी दहावीत गेली होती. तालुक्याला जाऊन पुस्तकं आणायची तर एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून त्यांनी शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरून आमच्या संकेतस्थळावर मराठी ‘कुमारभारती’चं मार्गदर्शक मागवलं. पुस्तक वेळेवर आलं. कोरं करकरीत होतं, छापील किमतीपेक्षा थोडं स्वस्तही पडलं. पण ते जुन्या अभ्यासक्रमाचं होतं. त्याच वर्षी दहावीची पाठ्यपुस्तकं बदलली होती. पुस्तकाचं नाव ‘कुमारभारती’च राहिलं होतं, आतले धडे आणि कविता बदलल्या होत्या.

मी त्या पुस्तकाच्या पानाचा इतिहास उघडला. आमच्या यंत्रणेत प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी केला, किती वाजता केला. मे महिन्यापर्यंत या मार्गदर्शकाची दोन वेगळी पानं होती, एक जुन्या आवृत्तीचं आणि एक नव्या. ‘दुबार नोंद’ म्हणून ती कोणीतरी एकत्र केली होती. नोंदीपुढचं नाव माझं होतं.

हे लिहायला बसले त्याचं कारण ती नोंद आहे. ऑनलाइन बाजारात एकच वस्तू दहा ठिकाणी दिसली की गिऱ्हाईक वैतागतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दहा पानांचं एक पान करणारी माणसं कुठेतरी बसलेली असतात आणि त्यांच्या एका क्लिकवर कोणाच्या घरी काय पोचणार हे ठरतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. मी त्या माणसांपैकी एक होते.

कार्डांपासून लिस्टिंगपर्यंत

माझं शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं. पहिली नोकरी एका सार्वजनिक वाचनालयात. तिथल्या लाकडी कपाटात कार्डांचे खण होते आणि आमचे ग्रंथपाल, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, ते नव्या माणसाला पहिले काही आठवडे फक्त कार्डं लावायला बसवायचे. ‘कुसुमाग्रज’ या नावाचं कार्ड काढलं की त्यावर लिहिलेलं असायचं: पाहा, शिरवाडकर, वि. वा. ‘गोविंदाग्रज’ काढलं तर: पाहा, गडकरी, राम गणेश. वाचक कुठल्याही नावाने आला तरी तो एकाच ठिकाणी पोचला पाहिजे, हा त्यामागचा नियम. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली त्यांतलं एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. परीक्षेसाठी ते पाठ केलं होतं; त्या खणांपाशी बसल्यावर ते कळलं.

२०१५ मध्ये मी पुण्यात एका ऑनलाइन विक्री कंपनीच्या कॅटलॉग विभागात लागले. मराठी आणि हिंदी पुस्तकं माझ्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात वाटलं, हे तर तेच काम आहे. फक्त इथे कार्ड लिहिणारा ग्रंथपाल एक नव्हता. हजारो विक्रेते आपापली कार्डं लिहीत होते आणि एकाचं कार्ड दुसऱ्याला ठाऊक नव्हतं.

दुबार नोंदी का होतात, याची कारणं हळूहळू समजत गेली. बरेचसे विक्रेते निष्पाप असतात. पुस्तक आधीपासून संकेतस्थळावर आहे की नाही हे शोधायला त्यांना वेळ नसतो, किंवा त्यांनी शोधलेलं नाव आणि आधीच्या माणसाने लिहिलेलं नाव जुळत नाही. पु. ल. देशपांड्यांचं नाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिता येतं ते मोजून पाहा: नुसती आद्याक्षरं, ‘पुल’ असा उच्चार, पूर्ण नाव, त्यात लक्ष्मण दोन तऱ्हांनी. काही विक्रेते मात्र जाणूनबुजून वेगळं पान काढतात. एका पानावर सगळे विक्रेते आले की किमती शेजारी शेजारी दिसतात आणि ज्याची किंमत, वितरण आणि सेवा चांगली त्याला वरची जागा मिळते. ही तुलना टाळायची तर नावात ‘ओरिजिनल’ किंवा ‘बेस्ट’ घालून स्वतःचं पान काढायचं. तेच पुस्तक मग एका पानावर दीडशेला आणि दुसऱ्यावर सव्वादोनशेला विकलं जातं आणि सव्वादोनशे देणाऱ्याला दीडशेचं पान दिसतच नाही. वाचकांचे अभिप्रायही विखुरतात. म्हणून ही पानं एकत्र आणणं हे गिऱ्हाइकाच्या हिताचं काम आहे यावर माझा तेव्हाही विश्वास होता आणि आजही आहे.

डोळ्यांना एक, यंत्राला दोन

देवनागरीने या कामात आणखी एक पेच घातला होता. ‘वाऱ्यावरची वरात’ हे नाव घ्या. यातला ‘ऱ्या’ संगणकावर निदान तीन प्रकारे लिहिता येतो. ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून साठवता येतं, साध्या ‘र’खाली नुक्ता देऊन साठवता येतं, किंवा ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही तोच आकार मिळतो. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. यंत्राला मात्र ती तीन वेगळी नावं वाटतात. ‘ॲ’चंही तसंच: एक सुटं अक्षर, किंवा ‘अ’वर दिलेला चंद्र. म्हणून तुलना करण्याआधी सगळी नावं एकाच साच्यात आणावी लागतात. मुंबईतल्या विक्रेत्याने टाकलेली ‘वरात’ आणि नागपूरच्या विक्रेत्याने टाकलेली ‘वरात’ एकच आहे हे यंत्राला ओळखता येऊ लागलं, तेव्हा आमच्या टीमने एकमेकांना चहा पाजला होता.

पुढची अडचण संख्येची. एक लाख पुस्तकं असतील आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची म्हटली तर जवळपास ५०० कोटी जोड्या होतात. त्यामुळे आधी गट पाडतात. एकाच प्रकाशकाची, एकाच लेखकाची किंवा एकाच क्रमांकाची पुस्तकं एका गटात आणायची आणि तुलना फक्त गटाच्या आत करायची. मग नावांचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, समजा तीन-तीन अक्षरांचे, आणि दोन नावांत समान तुकडे किती ते मोजायचे. ‘श्यामची आई’ आणि चुकून ‘शामची आई’ असं टाकलेलं नाव यांचे बरेचसे तुकडे जुळतात. मोठ्या मजकुरासाठी ही पद्धत वेगाने कशी चालवायची ते आंद्रेई ब्रॉडर यांनी १९९७ साली, आल्टाव्हिस्टा या शोधयंत्राच्या काळात दाखवलं. मुखपृष्ठांची तुलना वेगळी होते. चित्र लहान करायचं, अगदी चिमुकलं, आणि त्यातल्या उजेड-अंधाराच्या नक्षीवरून एक ठसा काढायचा. ठसे जवळचे असतील तर चित्रं सारखी.

या सगळ्यातून प्रत्येक जोडीला गुण मिळतात. फार वरचे गुण असले की यंत्र आपोआप पानं जोडतं. फार खालचे असले की सोडून देतं. मधले, जिथे यंत्राला खात्री नाही, ते माणसांपुढे येतात. त्या मधल्या ढिगापाशी मी बसायचे. पडद्यावर डावीकडे एक पान, उजवीकडे दुसरं आणि खाली दोन बटणं: एकच, वेगळं. एका शिफ्टमध्ये अशा काही शे जोड्या संपवायच्या असत.

‘कुमारभारती’च्या मार्गदर्शकाची जोडी अशीच माझ्यापुढे आली. नाव एकच. प्रकाशक एकच. मुखपृष्ठाचा ठसा एकच, कारण नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ‘नवीन अभ्यासक्रम’ अशी जी अरुंद पट्टी कोपऱ्यात होती, ती चित्र चिमुकलं करताना पुसली गेली होती. आणि आयएसबीएन क्रमांकही एकच. तो पाहिला आणि मी पुढे काही पाहिलं नाही. पृष्ठसंख्येत फरक होता. तो मला दिसला होता, हेही इथे लिहायला हवं. पण विक्रेते पृष्ठसंख्या मनाला येईल तशी टाकतात हे माहीत झाल्यामुळे मी तिच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं. ‘एकच’ हे बटण दाबलं.

पानं जोडली गेली की दोन्हींवरच्या विक्रेत्यांचा माल एका पानाखाली येतो. जुन्या आवृत्तीचा शिल्लक साठा काढून टाकायची विक्रेत्यांना घाई होती, त्यामुळे त्यांची किंमत कमी होती. कमी किंमत म्हणून तेच विक्रेते वर आले. वर नव्या आवृत्तीचं चित्र, खाली जुन्या आवृत्तीचा माल. साताऱ्याच्या त्या घरी जे पोचलं ते असं पोचलं.

क्रमांक काय सांगतो

आयएसबीएनवर माझा जो विश्वास होता तो ग्रंथालयातून आलेला. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा आकडी झाला. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून प्रकाशकांना विनामूल्य मिळतो. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. आधीच्या बारा आकड्यांना आळीपाळीने एक आणि तीनने गुणून बेरीज करायची. त्या बेरजेत शेवटचा आकडा मिळवला की दहाच्या पटीतली संख्या आली पाहिजे. टाइप करताना कुठलाही एक आकडा चुकला तर ही पडताळणी हमखास पकडते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडते. त्यांच्यातला फरक पाचचा असेल तेवढं सुटतं.

पण ही पडताळणी सांगते ते एवढंच, की क्रमांक नीट घडवलेला आहे. तो याच पुस्तकाचा आहे का, हे ती सांगू शकत नाही. नियम असा की पुनर्मुद्रणाला जुना क्रमांक चालतो. मजकूर बदलून नवी आवृत्ती काढली तर नवा क्रमांक घ्यायचा. कापडी बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे. या मार्गदर्शकाच्या बाबतीत विक्रेत्याने नवं पुस्तक नोंदवताना मागच्या वर्षीच्या तक्त्यातली ओळ तशीच उचलली होती आणि फक्त किंमत बदलली होती. क्रमांक बिनचूक होता. पुस्तक दुसरं होतं.

दिवाळी अंकांनीही हाच धडा आधी एकदा शिकवला होता, मी तो पुरता शिकले नव्हते. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि तिचा स्वभावच असा की नाव दरवर्षी तेच. नियतकालिकाला आयएसएसएन असतो, तोही दरवर्षी तोच, कारण तो मालिकेचा क्रमांक असतो, अंकाचा नव्हे. नावं आणि क्रमांक जुळवणाऱ्या यंत्राने गेल्या वर्षीचा अंक आणि यंदाचा अंक आनंदाने जोडून टाकले होते. लोकांना ऐन दिवाळीत गेल्या दिवाळीचा फराळ मिळाला. तेव्हा आम्ही फक्त दिवाळी अंकांसाठी वर्ष तपासायचा नियम केला. तोच प्रश्न इतर पुस्तकांनाही विचारायला हवा, हे मला सुचलं नाही.

एकच म्हणजे काय

त्या तक्रारीनंतर मी पुन्हा ग्रंथालयशास्त्राची टिपणं काढली. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ साली एक आराखडा मांडला होता. त्यात पुस्तकाकडे चार पातळ्यांवर पाहिलं आहे. आधी कृती, म्हणजे लेखकाची निर्मिती. मग तिचं रूप, म्हणजे मूळ मराठी संहिता किंवा तिचा इंग्रजी अनुवाद. मग आवृत्ती, म्हणजे अमुक प्रकाशकाने अमुक साली छापलेली. शेवटी प्रत, म्हणजे माझ्या हातातली ही एक.

‘श्यामची आई’ घेतलं की हे चटकन कळतं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी, २०१० सरताना, त्यावरचा स्वामित्वहक्क संपला. त्यानंतर कोणीही प्रकाशक ते छापू शकतो आणि अनेकांनी छापलं. कोणाचा टाइप बारीक, कोणाचा ठळक. कोणी मुलांसाठी चित्रं घातली, कोणी काही ‘रात्री’, म्हणजे प्रकरणं, गाळून संक्षिप्त केलं. नाव एक, लेखक एक. ही सगळी पानं दुबार आहेत का?

शोधणाऱ्यासाठी, हो. त्याला चाळीस ठिकाणी ‘श्यामची आई’ दिसून काही लाभ नाही. घेणाऱ्यासाठी, नाही. ज्या आजींना ठळक टाइप हवा आहे त्यांच्या हाती बारीक टाइप पडला, किंवा ज्या शिक्षकाला पूर्ण पुस्तक हवं आहे त्याला संक्षिप्त आलं, तर ‘कृती एकच आहे’ या उत्तराने त्यांचं समाधान होणार नाही. जुन्या पुस्तकांच्या बाजारात तर एकेक प्रत वेगळी. कोल्हापूरच्या एका विक्रेत्याने लेखकाच्या सहीची प्रत स्वतंत्र पानावर ठेवली होती. आमच्या यंत्राने ती नव्या छापील आवृत्तीच्या पानात मिसळून टाकली. ते फोनवर शांतपणे म्हणाले, “मॅडम, पुस्तक तेच आहे, पण ही प्रत तीच नाही.” चार पातळ्यांची सगळी विद्या त्या वाक्यात होती.

तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. दोन पानं एकच आहेत असं म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाला शब्द देणं: यातलं कुठूनही घेतलंत तरी तुमच्या हातात तीच वस्तू येईल. हा शब्द देता येत नसेल तर पानं जोडू नयेत. पण ती सुटी विखरूनही ठेवू नयेत. कार्डांच्या खणात होती तशी ‘पाहा’ची वाट करावी: कृतीचं नाव एकदाच दिसावं आणि त्याखाली आवृत्त्या आपापल्या ओळखीसह रांगेत उभ्या राहाव्यात. न जोडलेल्या पानांनी गिऱ्हाइकाचा वेळ जातो. चुकीच्या जोडणीने त्याचा भरवसा जातो, आणि वेळ परत मिळतो तसा भरवसा मिळत नाही.

अभिप्रायांनाही हेच लागू आहे. पानं जोडली की अभिप्रायही एकत्र होतात आणि जुन्या पुस्तकाने मिळवलेले तारे नव्याच्या डोक्यावर चढतात. काही व्यापारी हे मुद्दाम करतात. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल या कंपनीवर कारवाई केली ती याचसाठी. कंपनीने आपली नवी उत्पादनं जुन्या, खपाच्या उत्पादनांचे प्रकार म्हणून जोडून त्यांचे अभिप्राय वापरले होते. तिला सहा लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार तर वर्णन आणि चित्रं प्रत्यक्ष मालाशी जुळतील अशी हमी संकेतस्थळाने विक्रेत्यांकडून घ्यायची आहे. हे नियम मी पुढे वाचले तेव्हा साताऱ्याचं ते पार्सल डोळ्यांपुढे आलं.

दुकानदाराचा प्रश्न

तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी, एका शनिवारी, मी पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात गेले. जूनचा महिना, गर्दी मावत नव्हती. एका दुकानाच्या फळीपाशी उभी राहून मी नुसती ऐकत होते. एक बाई म्हणाल्या, “दहावीचं मराठीचं गाइड द्या.” मागे वळण्याआधीच दुकानदार काकांनी विचारलं, “जुना अभ्यासक्रम की नवा? यंदा बसणार की मागच्या वर्षीचा राहिलाय?” बाई म्हणाल्या, “यंदा.” पुस्तक आलं. सगळं मिळून दहा सेकंद.

आमच्या पानाने न विचारलेला प्रश्न हा होता. काकांच्या दुकानात दोन्ही गाइडं एकाच फळीवर, शेजारी शेजारी होती. त्यांनी ती वेगळ्या कपाटात ठेवली नव्हती आणि एकत्रही केली नव्हती. मध्ये फक्त एक प्रश्न उभा केला होता.

सोमवारी मी माझ्या टीम लीडसमोर ती जोडी आणि माझी नोंद ठेवली आणि सांगितलं की ही चूक माझी आहे, पण ती पुन्हा होऊ नये याची सोय पद्धतीत हवी. शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना ‘अभ्यासक्रमाचं वर्ष’ हा रकाना सक्तीचा करायला हवा आणि तो वेगळा असेल तर बाकी सगळं जुळलं तरी पानं जोडू नयेत. पृष्ठसंख्येत मोठा फरक असेल तर जोडी परत माणसापुढे यावी. यंत्राने मुखपृष्ठ चिमुकलं करण्याआधी त्यावरची अक्षरं वाचावीत. सगळं एका दिवसात झालं नाही. विक्रेत्यांनी कुरकुर केली, कारण भरायला एक रकाना वाढला. आमच्या जोडण्यांचा आकडा घसरला आणि त्याचं उत्तर बैठकीत द्यावं लागलं. मी ते दिलं.

त्या वडिलांना मी स्वतः फोन केला. नव्या अभ्यासक्रमाचं मार्गदर्शक आधीच पाठवलं होतं. ते म्हणाले, “ताई, पुस्तक मिळालं. पोरगी बसली अभ्यासाला. पण कुठल्या सालचं ते वर लिहीत जावा.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच ते वाक्य जास्त दिवस पुरलं.

२०१९ मध्ये अकरावीची पुस्तकं बदलली, २०२० मध्ये बारावीची. २०२० च्या त्या उन्हाळ्यात टाळेबंदी होती, अप्पा बळवंत चौकातल्या फळ्या बंद होत्या आणि ‘जुना की नवा’ असं विचारणारे काका घरी बसले होते. मी घरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बारावीची पानं एकेक करून तपासत होते. प्रत्येक पानावर, किमतीच्याही वर, आता एक ओळ होती: कोणत्या शैक्षणिक वर्षापासूनच्या अभ्यासक्रमासाठी. दोन आवृत्त्या शेजारी शेजारी, मध्ये तो प्रश्न. मी ती ओळ दर वेळी मोठ्याने वाचायचे आणि मगच पुढच्या पानावर जायचे.